नवीन जॉबच्या आधी पोटात गोळा का येतो आणि त्याचं काय करायचं

ऑफर लेटर आलं तेव्हा आनंद झालेला असतो, घरच्यांना फोन झालेले असतात, आणि मग जॉइनिंगची तारीख तीन चार दिवसांवर आली की अचानक झोप उडते. पोटात गोळा येतो, जेवणावर मन नसतं, आणि रात्री दोन वाजता डोक्यात तेच तेच चालू, आपल्याला जमेल ना, त्यांनी चुकून तर नाही ना घेतलं आपल्याला, जुन्या ठिकाणी काय वाईट चाललं होतं. हे फक्त पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्या पोरापोरींचंच होतं असं नाही बरं का, पंधरा वीस वर्षं काम केलेल्या माणसांचंही होतं, ती फक्त बोलून दाखवत नाहीत.

अशा वेळी सगळे सांगतात की टेन्शन घेऊ नकोस. सांगणारा प्रेमाने सांगतो पण टेन्शन कुणी ठरवून घेत नाही, त्यामुळे ठरवून सोडताही येत नाही. मला वाटतं त्यापेक्षा ही धाकधूक येते कुठून ते एकदा नीट बघावं. कारण बहुतेक वेळा तिचं मूळ आपल्याला काम येत नाही यात नसतं, तिथे काय होणार हे माहीत नाही यात असतं, आणि आतून या दोन्ही गोष्टी हुबेहूब सारख्या वाटतात म्हणून आपण स्वतःलाच कमी समजायला लागतो.

आधी शरीराचं बघू. मेंदूला धोका वाटला की मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन सोडतात, हृदय जोरात धडधडतं, श्वास वाढतो, रक्त पोटाकडून आणि त्वचेकडून हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं. पोटात कालवतं, तोंडाला कोरड पडते, तळहात गार पडतात ते यामुळेच. वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१५ च्या सुमाराला हे सगळं मांडलं होतं, की समोर संकट आलं तर लढायला किंवा पळायला शरीर अशी तयारी करतं. मागोमाग कॉर्टिसोल नावाचं हार्मोन वाढतं, ते जरा सावकाश येतं आणि सावकाश जातं, म्हणून घाबरवणारी गोष्ट संपल्यावरही बराच वेळ अस्वस्थ वाटत राहतं. आता इथे समोर वाघ नाहीये, फार तर एचआरची एक ताई आणि भरायचे चार फॉर्म आहेत, पण शरीराकडे त्यासाठी वेगळी यंत्रणा नाही, आहे तीच चालू होते.

मग मेंदूला नेमका धोका कसला वाटतो? यावर २०१६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या लोकांनी एक भारी प्रयोग प्रसिद्ध केला होता. ४५ जणांना कॉम्प्युटरवर एक गेम खेळायला दिला, स्क्रीनवर दगड दिसायचे आणि त्याखाली साप आहे की नाही ते ओळखायचं, साप निघाला की हाताला दुखेल असा विजेचा झटका. खेळताना त्यांचा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार मोजत होते. आपल्याला वाटेल की झटका नक्की बसणार हे माहीत असलेल्याला सगळ्यात जास्त ताण आला असेल, पण तसं झालं नाही. सगळ्यात जास्त ताण आला तो झटका बसण्याची शक्यता निम्मी निम्मी होती तेव्हा. नक्की बसणार हे कळलं की माणूस तयार होतो, बसेल की नाही काय माहीत या अवस्थेत मात्र शरीर पूर्ण ताणून धरलेलं असतं.

दुसरी गोष्ट, २००४ मध्ये सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी ताणावरचे २०८ प्रयोग एकत्र करून तपासले. कॉर्टिसोल सगळ्यात जास्त कधी वाढतं? जेव्हा दुसरं कुणीतरी आपल्याला जोखत असतं आणि निकाल आपल्या हातात नसतो तेव्हा. आता हे दोन्ही अभ्यास शेजारी ठेवा आणि नोकरीचा पहिला आठवडा डोळ्यासमोर आणा. काय होणार माहीत नाही, सगळे नवीन, सगळे आपल्याकडे बघतायत असं वाटतंय, बॉस कसा आहे ते कळलेलं नाही, वर प्रोबेशन. म्हणजे ताण वाढवणाऱ्या सगळ्या गोष्टी एकाच खोलीत जमा झाल्यात, तिथे धडधड झाली नाही तरच नवल.

नवीन घरात पहिल्या रात्री दिवे गेले तर आपण भिंत चाचपडत बटण शोधतो, तेव्हा आपल्याला दिवा लावता येत नाही असं कुणी म्हणत नाही. नवीन नोकरीत पण तेच चालू असतं, काम येत असतं, बटण कुठंय ते माहीत नसतं.

त्यामुळे पहिला उपाय म्हणजे भीतीशी झगडत न बसता माहीत नसलेल्या गोष्टी कमी करणं. कागद घ्या (मोबाइलच्या नोट्समध्ये पण चालेल, पण कागदावर जास्त बरं होतं असं माझं मत) आणि डोक्यात फिरतंय ते जसंच्या तसं लिहा. "मला जमणार नाही" असं वाक्य आलं तर तिथे थांबू नका, नेमकं काय जमणार नाही ते खाली लिहा. मग असं काहीतरी निघतं: पहिल्याच मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलायला लावलं तर काय बोलू, त्यांचं ते नवीन सॉफ्टवेअर मी कधी वापरलेलंच नाही, दुपारी जेवायला कुणाबरोबर बसायचं, कपडे कसे घालून जायचं, बॉस चिडका निघाला तर, जागा सापडली नाही आणि उशीर झाला तर.

आता प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न विचारायचा, हे आज कळू शकतं का? कपडे, वेळ, जागा, कागदपत्रं हे सगळं एका मेलने कळतं. सॉफ्टवेअरचं म्हणाल तर तिथे खरंच थोडं शिकायला लागणार आहे, ती तयारीची गोष्ट झाली, दोन संध्याकाळी बसून त्याचे बेसिक व्हिडिओ बघितले तरी पहिल्या दिवशी स्क्रीन अगदी अनोळखी वाटत नाही. आणि बॉस कसा निघेल हे आज कितीही डोकं फोडलं तरी कळणार नाही, ते तिथे गेल्यावरच कळणार, तर ती ओळ सरळ बाजूला ठेवायची. असं वेगळं केलं ना की जी भीती एवढी मोठी वाटत होती तिच्यातला निम्मा भाग नुसती न विचारलेली माहिती होता असं लक्षात येतं.

मेल कसा लिहायचा यातच काही जणांचा दिवस जातो म्हणून देऊनच टाकते की: "नमस्कार, मी सोमवारी जॉइन होत आहे. किती वाजता यायचं, आल्यावर कुणाला भेटायचं, सोबत कोणती कागदपत्रं आणायची आणि पहिल्या दिवसाचा साधारण कार्यक्रम काय असेल, हे कळवाल का?" बास. हे विचारलं म्हणून कुणी आपल्याला बावळट समजत नाही, उलट समोरच्याचं काम सोपं होतं कारण नाहीतर पहिल्या दिवशी अर्धे लोक एखादं कागदपत्र विसरून येतात. जमत असेल तर आदल्या एखाद्या दिवशी त्याच वेळेला ऑफिसपर्यंत जाऊन पण या, रस्ता, गेट, लिफ्ट, सिक्युरिटीवाले काय विचारतात, सगळं एकदा डोळ्याखालून गेलेलं असतं.

आदल्या रात्रीच्या झोपेबद्दल जास्त बोलण्यासारखं नाही. नाही लागली तर नाही लागली, एक रात्र कमी झोप झाली तरी पहिला दिवस निभावतो, आणि झोपलंच पाहिजे म्हणून स्वतःवर जबरदस्ती केली की ती हमखास उडते. संध्याकाळनंतर चहा कॉफी टाळा एवढं मात्र करा, कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात.

सकाळी धडधड फारच वाढली तर एक श्वासाचा प्रकार आहे. नाकाने श्वास घ्यायचा, तो पूर्ण भरत आला की वर अजून थोडासा ओढून घ्यायचा आणि मग तोंडाने अगदी हळू, जितका लांबवता येईल तितका सोडायचा. स्टॅनफर्डच्या टीमने २०२३ मध्ये यावर अभ्यास छापला, रोज पाच मिनिटं असं करणाऱ्यांचा मूड महिनाभरात सुधारला. यात काही जादू नाही, श्वास सोडताना हृदयाची गती कमी होते आणि आपण तो भाग लांबवतो एवढंच. आणि एक गंमतीशीर गोष्ट म्हणजे "शांत हो, शांत हो" असं स्वतःला बजावून फारसं काही होत नाही. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये दाखवलं की गाणं म्हणायच्या, भाषण करायच्या किंवा गणित सोडवायच्या आधी ज्यांनी स्वतःला "मी एक्साइटेड आहे" असं सांगितलं त्यांचं काम शांत व्हायला बघणाऱ्यांपेक्षा चांगलं झालं. कारण भीती आणि उत्सुकता दोन्हीत शरीर सारखंच धडधडतं, तेव्हा धडधड थांबवण्यापेक्षा तिला वेगळं नाव देणं सोपं जातं.

आता प्रत्यक्ष पहिला दिवस. याबद्दल कुणी आधी सांगत नाही पण बऱ्याच ठिकाणी पहिल्या दिवशी काम जास्त नसतं, कामच नसतं. लॅपटॉप आलेला नसतो, आला तर लॉगिन चालत नाही, आयटीवाले म्हणतात तिकीट टाका, म्हणजे ऑनलाइन तक्रार नोंदवा, आणि तिकीट टाकायला लॉगिन लागतं, मॅनेजर मीटिंगमध्ये, आणि आपण एका खुर्चीत बसून पाणी पीत राहतो आणि आजूबाजूचे सगळे भराभर टाइप करतायत. हा रिकामा वेळ मनाला सगळ्यात जास्त खातो कारण वाटतं की आपण इथे नको आहोत. तर आधीच माहीत असू द्या की हे ढिसाळ नियोजन असतं, त्याचा आपल्या लायकीशी काही संबंध नसतो. सोबत वही न्या, कंपनीची माहिती देणारी कागदपत्रं मागून घ्या, आणि शेजारच्या माणसाला जरा मोकळा दिसला की विचारा, तुम्ही काय काम बघता. माणसं स्वतःच्या कामाबद्दल बोलायला सहसा तयार असतात.

आणि पहिल्या आठवड्यात डोकं चालेनासं होतं त्याचं पण कारण आहे. नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये मांडलं की आपण एका वेळी मनात साधारण चारच गोष्टी धरून ठेवू शकतो. ताणात ती जागा अजून आक्रसते. आणि तिथे तर वीस नावं, सहा पासवर्ड, कुणाला काय विचारायचं, कोणत्या फोल्डरमध्ये काय असतं, सगळं एकाच दिवशी अंगावर येतं. एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने तर १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की नवीन पाठ केलेलं सुरुवातीच्या काही तासांतच सगळ्यात वेगाने विसरायला होतं. म्हणजे मंगळवारी सांगितलेलं बुधवारी आठवत नाही यात आपला मठ्ठपणा नाही, मेंदू असाच असतो. लिहून ठेवायचं. नावाच्या पुढे काहीतरी खूण लिहायची, खिडकीजवळ बसतात, बिलिंग बघतात, मोठ्याने हसतात, असं. आणि नाव विसरलात तर सरळ "सॉरी, नाव परत एकदा सांगता का" म्हणायचं, पहिल्या आठवड्यात याचं कुणाला काही वाटत नाही, तीन महिन्यांनी मात्र खरंच अवघड होऊन बसतं.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते प्रश्न विचारण्याबद्दल. कारण नवीन माणूस सगळ्यात जास्त त्रास इथे करून घेतो. विचारलं तर वाटेल याला काहीच येत नाही, या भीतीने गप्प बसायचं, मग दोन दिवस अंदाजाने काम करायचं, मग ते चुकीचं निघतं आणि मग खरंच वाटतं की आपल्याला येत नाही. ब्रुक्स यांनीच सहकाऱ्यांबरोबर २०१५ मध्ये सल्ला मागण्यावर अभ्यास केला होता आणि त्यात उलटंच दिसलं, काम अवघड असताना सल्ला मागणारा माणूस समोरच्याला जास्त हुशार वाटतो, कमी नाही. कारण ज्याला विचारलं त्याला वाटतं की याने बरोबर माणूस निवडला.

पण कसं विचारता यावर बरंच आहे. "हे कसं करायचं?" असं विचारलं की समोरच्याला अ आ ई पासून सुरुवात करायला लागते आणि तो घाईत असेल तर वैतागतो. तेच असं विचारा: "मागच्या महिन्याचा रिपोर्ट उघडून बघितला, त्यात विक्रीचा आकडा दोन ठिकाणी वेगळा दिसतोय, एक टॅक्ससकट आहे असं वाटतंय, आपल्याकडे यातला कुठला घेतात?" यात तुम्ही आधी काय बघितलं ते आलं, कुठे अडलं ते आलं, आणि समोरच्याला उत्तर द्यायला अर्धा मिनिट पुरतं. एखाद्या गोष्टीत वीस पंचवीस मिनिटं प्रयत्न करून जमलं नाही तर विचारायचंच, असा नियम मनाशी करून टाका, म्हणजे प्रत्येक वेळी विचारू की नको हे नव्याने ठरवत बसायला लागत नाही. आणि छोटे छोटे प्रश्न साठवून एकदम विचारले तर समोरचा पण दर पाच मिनिटांनी उठत नाही.

घरून काम असेल तर हे सगळं दुप्पट करायला लागतं. ऑफिसमध्ये निदान लोकांचे चेहरे दिसतात, कोण कामात आहे, कोण मोकळा आहे ते कळतं. घरी बसून मेसेज टाकला आणि तासाभराने फक्त "ओके" आलं तर त्याचा अर्थ लावण्यात दुपार जाते, चिडलेत का, काही चुकलं का. तिथे पहिल्याच दिवशी विचारून टाकावं की तुम्हाला मेसेज केलेला आवडतो की फोन, आणि किती वेळात उत्तराची अपेक्षा धरू. दिसायला साधा प्रश्न आहे पण रोजची केवढी तरी अनिश्चितता त्याने जाते.

सगळे आपल्याकडे बघतायत हे जे वाटतं त्याचंही एकदा खरं खोटं करू. कॉर्नेल विद्यापीठात टॉम गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये एक अभ्यास छापला. विद्यार्थ्यांना एका गायकाचं मोठं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टीशर्ट घालून खोलीत पाठवलं आणि नंतर विचारलं की किती जणांच्या लक्षात आलं असेल. त्यांना वाटलं साधारण निम्म्या लोकांच्या, प्रत्यक्षात चौथा हिस्सा लोकांनाच तो टीशर्ट कोणाचा ते सांगता आलं. म्हणजे आपण मीटिंगमध्ये अडखळलो ते आपल्याला आठवडाभर आठवतं, बाकीचे तेव्हा आपापल्या डेडलाइनचा विचार करत असतात. तसंच २०१८ मध्ये दिसलं की अनोळखी माणसाशी गप्पा झाल्यावर समोरच्याला आपण जितके आवडलो असं आपल्याला वाटतं त्यापेक्षा आपण त्याला जास्त आवडलेलो असतो, आणि हा गैरसमज काही ओळखींमध्ये महिनोन्‌महिने टिकतो. तेव्हा लंचला कुणी फार बोललं नाही म्हणून लगेच आपण नकोसे आहोत असा निष्कर्ष काढू नका.

"आपण फसवून आत आलोय आणि एक दिवस पकडले जाणार" ही भावना वेगळी, तिला १९७८ मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आयम्स या मानसशास्त्रज्ञांनी इम्पोस्टर, म्हणजे तोतया, असं नाव दिलं. त्यांना ती दिसली ती कर्तबगार, शिकलेल्या बायकांमध्ये, नंतर पुरुषांमध्येही आढळली. गंमत बघा, ही भावना असणारे लोक चांगलं झालं की नशीब म्हणतात आणि बिघडलं की स्वतःची चूक म्हणतात, मग हिशोब कधी जुळणार. इथे एकच लक्षात ठेवा की इंटरव्ह्यू घेणाऱ्यांनी तुमच्यासारखे अजून लोक बघितले होते आणि मग तुम्हाला घेतलं, त्यांच्याकडे तुलना करायला माहिती होती, रात्री दोन वाजता तुमच्याकडे ती नसते.

अजून एक टप्पा येतो, दुसऱ्या तिसऱ्या महिन्याच्या आसपास. सुरुवातीचं कौतुक संपतं, कामातल्या कटकटी दिसायला लागतात, आणि आता आपल्याला सगळं यायला पाहिजे होतं असं वाटून परत उतरती कळा लागते. नोकरी बदलल्यावर समाधान आधी वर जातं आणि मग खाली येतं हे अभ्यासात दिसलेलं आहे, म्हणून तेवढ्यावरून चुकीच्या ठिकाणी आलो असं ठरवू नका. तालया बाउअर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये नव्या कर्मचाऱ्यांवरचे खूपसे अभ्यास एकत्र केले, त्यात रुळण्याच्या तीन खुणा पुढे आल्या, आपलं काम नेमकं काय हे स्पष्ट असणं, ते आपल्याला जमतंय असं वाटणं आणि टीमने आपल्याला आपलं मानणं. यातली पहिली खूण मागून मिळते. महिना झाला की मॅनेजरकडे पंधरा मिनिटं मागा आणि विचारा, तीन महिन्यांनी माझं काम चांगलं चाललंय असं तुम्ही कशावरून म्हणाल? आणि आत्ता मी कशावर जास्त वेळ घालवतोय जो घालवायला नको? "मी कसं करतोय" असं विचारलं तर "छान चाललंय" एवढंच ऐकायला मिळतं, त्याने रात्रीची झोप काही परत येत नाही.

आता एक फरक मात्र ओळखायला हवा. आपण घाबरतोय ते नवखेपणामुळे की त्या जागेमुळे? चारचौघांत ओरडणारा साहेब, रोज बदलणारी अपेक्षा, विचारलं की टोमणे, पगार वेळेवर नाही, हे असेल तर ती धाकधूक बरोबर आहे, ती तुम्हाला खरी माहिती देतीये, तिथे श्वासाचे व्यायाम करून स्वतःला समजावत बसू नका. तारखा आणि काय झालं ते लिहून ठेवा, विश्वासातल्या कुणाशी तरी बोला, दुसरीकडे बघायला लागा.

आणि जागा चांगली असूनही काही आठवडे उलटले तरी त्रास उतरत नसेल, रोज सकाळी उलटीसारखं होत असेल, आठवड्यात बऱ्याच रात्री झोप नाही, छातीत धडधडून श्वास कोंडतोय असे झटके येतायत, माणसांसमोर जायचं म्हणून सुट्ट्या पडतायत किंवा धीर यावा म्हणून दारू लागतीये, तर डॉक्टरांकडे जा. जगणंच नको असं मनात येत असेल तर तेवढे दिवससुद्धा थांबू नका, आजच्या आज कुणालातरी सांगा. चिंतेच्या आजारांवर चांगले उपचार आहेत, विचार आणि वागणं यांच्यावर काम करणारी सीबीटी नावाची थेरपी आहे, गरज पडली तर औषधं आहेत. थायरॉइड वाढलेला असला तरी अशीच धडधड आणि हाताला कंप होतो, ते साध्या रक्ततपासणीत कळतं. जाताना चार गोष्टी लिहून न्या, कधीपासून होतंय, आठवड्यात किती वेळा होतं, झोप किती तास लागते आणि कोणती औषधं चालू आहेत, म्हणजे तिथे बसल्यावर गडबडीत काही सांगायचं राहून जात नाही.